सिग्नलवर मेलेला हशा

१

हशा आला नाही.

थिएटरच्या मागच्या दाराबाहेर, अरुंद पॅसेजमध्ये, दिग्दर्शक दाराला कान लावून उभा होता. स्वतःच्या सिनेमाच्या खेळाला आत बसणं त्याला जमतच नसे. बाहेर येरझाऱ्या घालायचा आणि हशाची जागा जवळ आली की डॉक्टर छातीवर नळी टेकवतो तसा दारावर कान टेकवायचा. आतल्या हशावर याच्या चेहऱ्याचा रंग ठरायचा.

"आता," तो पुटपुटला. "आता... आता..."

आत काहीच झालं नाही.

सिनेमाची संकलक नुकतीच वरच्या केबिनमधून उतरून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला सगळे 'कात्री' म्हणत. खरं नाव पगार देणाऱ्याला तेवढं ठाऊक होतं. तिनंही दाराला कान लावला.

सिनेमा एका टॅक्सी ड्रायव्हरचा. गाडी म्हातारी, गिऱ्हाईक फिरकत नाही, घरी सासू तोंड फिरवून बसलेली. अशात तीन दरोडेखोर चुकून त्याच्याच टॅक्सीत बसतात आणि मग नुसता धुमाकूळ! बंदुका, पाठलाग, डिकीत कोंबलेला इन्स्पेक्टर, चड्डीवर पळणारा ड्रायव्हर. शेवटाकडे तो सिग्नल येतो. रस्ता मोकळा, दिवा लाल, मागून सायरन. म्होरक्या मानेला बंदूक लावून ओरडतो, "जोरात चल! पैशाची फिकीर नको!" ड्रायव्हर इंजिन बंद करतो. आरसा वळवतो. आरशात त्याचा चेहरा हळूहळू असा फुलतो, जणू जन्मभर याच वाक्याची वाट बघत होता. मग तो खाली उतरतो, मागचं दार अदबीनं उघडतो आणि फुटपाथकडे हात करतो.

बस. तोंडातून एक शब्द नाही. प्रदर्शनाआधी लोकांना फुकट दाखवलेल्या आधीच्या दोन्ही खेळांना इथं छप्पर उडालं होतं.

आज इतकी शांतता की आतल्या पंख्याची कुरकूर ऐकू येत होती. आणि त्या शांततेत, कुठूनतरी पुढून, एकटीच एक म्हातारी हसली. ही, ही, ही. अगदी मनापासून.

"मेला," दिग्दर्शक म्हणाला. "हशा मेला."

सिनेमा संपला. सगळ्यांत आधी वितरक बाहेर आला. हा माणूस पडद्याकडे कमी आणि लोकांच्या तोंडाकडे जास्त बघायचा. त्याने घेतला तर सिनेमा गावोगाव लागणार, नाही घेतला तर कपाटात. "मी उद्या दुपारी पुन्हा येतो," तो म्हणाला. "सिग्नल काढून टाका. पाणी नसलेल्या विहिरीत उडी मारल्यासारखं वाटतं."

तो गेला आणि निर्माते कात्रीकडे वळले. त्यांना सगळे भाऊ म्हणत, पण आवाजात भावासारखं काही नव्हतं. "पाच मिनिटं कमी कर म्हटलं होतं तुला. हशा कापून टाक म्हटलं होतं का?"

"सिग्नलच्या आसपास मी हातही लावलेला नाही, भाऊ."

"मग कुणी मारला? भुतानं? उद्या दुपारपर्यंत कारण सांग. नाहीतर सिग्नल जाईल, आणि त्याच्यामागून पडद्यावरचं तुझं नाव."

सिग्नल गेला तर सिनेमाला शेवट उरत नव्हता. आणि नाव गेलं तर कात्रीला पुढचं काम मिळत नव्हतं.

गर्दीतून वाट काढत एक म्हातारा कापडी पिशवी छातीशी धरून दिग्दर्शकापाशी आला. त्याचे वडील. जन्मभर टॅक्सी चालवून आता घरी बसलेले. मुलाचा सिनेमा आज पहिल्यांदा बघायला आले होते.

"छान होता रे," ते म्हणाले. "मी तुला..."

"बाबा, आत्ता नको. प्लीज."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

आवाज

(बाहेर पडणाऱ्या लोकांपुढे कात्री नेहमी एक छोटा माइक धरायची. त्या दिवशीही धरला.)

"धमाल! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं."

"चड्डीच्या सीनला आमच्या ह्यांचा श्वास अडकला. म्हटलं, आता ह्यांना उचलून न्यावं लागतंय."

"डिकीतला इन्स्पेक्टर अगदी आमच्या साहेबांसारखा दिसतो हो. तेवढा सीन परत दाखवता का?"

"हाउसफुल म्हणे! मी पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभा. आणि शेवटच्या रांगेत एक आजोबा पिशवीला सीट देऊन बसलेले. म्हटलं, उचला. तर म्हणतात, माणूस येतोय. कसला येतोय? शेवटपर्यंत पिशवीनंच सिनेमा बघितला."

"सिग्नल? उतरला, दार उघडलं. दयाळू आहे बिचारा. एवढंच ना?"

"सगळ्यांत भारी टॅक्सी स्टँड! का हसलो ते विचारू नका. सगळेच हसत होते."

"छान होता. डोळ्यांत पाणी आलं."

"हसून?"

"...छान होता."

२

ध्वनी सांभाळणाऱ्या पोराला भोंगा म्हणत, कारण तो कानात बोलला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. संशयाची सुई पहिली त्याच्यावरच. आवाज कमी पडला, गडबडला, की हशा मरतो. हे कात्रीला पक्कं माहीत.

"माझ्यावर येऊ नका, ताई!" भोंगा आधीच ओरडला. "सिग्नलला एकूण एक आवाज खणखणीत होता. सायरन, बंदूक, 'पैशाची फिकीर नको', सगळं. मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो!"

"हेडफोनमध्ये सिनेमा ऐकू येतो. हॉल ऐकू येतो का?"

"हॉल कशाला ऐकायचा? हॉलचा आवाज टेप होतो ना." त्याने टेबलावरचं यंत्र थोपटलं. हशा कुठं किती वेळ चालतो ते कळावं म्हणून प्रत्येक खेळाला हॉलच्या छताला एक माइक टांगत. मग कात्री त्याप्रमाणे सीनमध्ये जागा सोडायची, नाहीतर हशात पुढचं वाक्य बुडतं.

तिने सिग्नलचा भाग ऐकला. शांतता. पंखा. एकट्या म्हातारीचं ही ही ही.

"बघा," भोंगा म्हणाला. "आणि एक हशा गेला म्हणून रडताय, नवीन मिळाला त्याचं काय? टॅक्सी स्टँडचा! ड्रायव्हर रिकाम्या सीटशी बडबडतो तो सीन. तिथं आजपर्यंत कुणी खोकललंसुद्धा नव्हतं. आज अख्खा हॉल कोसळला. भाऊ एवढे खूश, म्हणाले, एक दिला एक घेतला, हिशेब बरोबर."

कात्रीने टेप थांबवला.

हिशेब बरोबर. पण एकाच खेळात एक हशा मरतो आणि दुसरा जन्मतो, हे कसं?

३

हिरोने दार उघडलं ते तोंडाला कसलासा लेप लावून. पडद्यावर तो टकला, पोट सुटलेला ड्रायव्हर. घरात मात्र स्वतःला पंचविशीतला समजायचा.

"चार दोस्त आणले होतेस तू आज," कात्री म्हणाली. "हसायला."

"दोस्त आणणं गुन्हा आहे का?"

"कुठं कुठं हसायला सांगितलं होतंस?"

लेपाखाली तो लाजला असावा. "मी पडतो तिथं. चड्डी तिथं. आणि सासू लाटणं फेकते तिथं. बस."

"टॅक्सी स्टँडवर?"

"स्टँडवर?" हिरो ताडकन उठला. "अगं, तिथं मी रडवेला आहे! दिवसभर एक गिऱ्हाईक नाही. माझा एकच गंभीर सीन आहे सगळ्या सिनेमात. तिथं कोण हसलं ते मला सांग तू. त्याला धरून आण. मी त्याला..." लेपाला तडे गेले. "तुला सांगतो, हे सगळं वितरकाचं काम. सिनेमा स्वस्तात उचलायला माणसं पेरली असतील त्याने."

"मग त्याने सिग्नलचा हशा तेवढा मारायचा. स्टँडवर हसवून त्याला काय मिळालं?"

हिरोने गालावरचा लेप चाचपला. ती निघताना त्याने हळूच विचारलं, "सिग्नलला माझं हसू कमी पडलं का गं? आरशातलं? खरं सांग."

"नाही रे. तेच हसू. त्याच फ्रेमा."

तेच हसू. त्याच फ्रेमा. तोच हॉल, त्याच खुर्च्या, तोच पंखा. बदलली होती ती फक्त खुर्च्यांत बसलेली माणसं.

४ (अगदी छोटं)

पण मग ती एक म्हातारी का हसली?

५

म्हातारी म्हणजे भाऊंची मावशी निघाली. संध्याकाळी कात्री त्यांच्या घरी गेली तेव्हा ती खिडकीपाशी स्वेटर विणत बसली होती.

"तिला काय विचारतेस?" भाऊ म्हणाले. "ती ठार बहिरी आहे. फुकटची म्हणून येते बिचारी. चित्रं बघते आणि हसते."

कात्री मावशीच्या समोर बसली आणि घसा ताणून म्हणाली, "मावशी, सिनेमा आवडला?"

"ओरडू नकोस गं. मी बहिरी आहे, लांब नाही. तोंड नीट हलव."

"सिग्नलला तुम्ही एकट्याच हसलात."

मावशीच्या सुया थांबल्या. ती पुन्हा हसायला लागली, तेच ही ही ही. "मग हसू नको तर काय करू? बाकीचे काय झोपले होते का? त्यानं आधीच नव्हतं का सांगून ठेवलं? रिकाम्या सीटला म्हणतो, 'एक दिवस कुणीतरी बसेल आणि म्हणेल, जोरात चल, पैशाची फिकीर नको. त्या दिवशी मी म्हणणार, साहेब, घाई असेल तर चालत जा.' आणि मग खरंच तो दिवस येतो! खरंच दार उघडतो मेला!"

"हे तुम्हाला ऐकू..."

"दिसलं. एवढं मोठं थोबाड होतं पडद्यावर. ओठ दिसत होते की."

कात्री उठून उभी राहिली. पायाखाली लोकरीचा गुंडा गेला आणि दूर घरंगळला.

सबंध हॉलमध्ये ज्या एका बाईला काही ऐकू येत नव्हतं, तिनेच ते वाक्य ऐकलं होतं. कान असलेल्या कुणालाच ते ऐकू गेलं नव्हतं. कारण टॅक्सी स्टँडवर अख्खा हॉल कोसळला होता, आणि ड्रायव्हर ते वाक्य तेव्हाच, हळू आवाजात, म्हणत होता.

आधीचं वाक्य पोहोचलं नाही, म्हणून सिग्नलवरचा माणूस नुसता दयाळू वाटला.

हशाचा खून हशानेच केला होता.

आणि हे दिग्दर्शकाला, भोंग्याला, हिरोला, खुद्द तिला का कळलं नाही? तेही आता उघड होतं. त्यांना ते वाक्य झोपेतसुद्धा पाठ होतं. पाठ असलेलं वाक्य न ऐकताही ऐकू येतं.

मध्यंतर

"मावशी, तुमचा गुंडा."

"राहू दे. पळ तू. तुझं तोंड सांगतंय."

६

आता प्रश्न उरला तो एकच. जिथं हसण्यासारखं काही नाही तिथं हॉल आपणहून हसत नाही. कुणीतरी सुरुवात केली पाहिजे. कुणी?

तिने संकलनाच्या खोलीत हेडफोन कानाला घट्ट दाबले आणि टॅक्सी स्टँड लावला. आधी शांतता. मग मागून, दाराच्या बाजूने, एकच आवाज. ह्, ह्, ह्ह. दाबलेला, रुमालात कोंडलेला. शेजारच्या कुणाला तो हशा वाटला आणि तो खुसखुसला. मग त्याच्या शेजारचा. तासभर हसून लोक तापलेले होतेच. कुठं काय विनोद झाला ते न बघताच सगळे त्यात पडले. हसणं असंच लागतं, जांभईसारखं.

"दोस्तांपैकी आहे का बघ," तिने हिरोला फोनवर तो तुकडा ऐकवला.

"नाही. माझे दोस्त असे चोरून हसत नाहीत. त्यांना मी जेवण दिलंय."

भोंग्याने ऐकलं. "हसण्याचा आवाज आहे, पण उलटा वाटतो."

"उलटा म्हणजे?"

"काय माहीत. उलटा."

ती पुन्हा ऐकत बसली. दहा वर्षं माणसांचं हसणं ऐकून तिचे कान तयार झाले होते. माणूस हसतो तेव्हा श्वास बाहेर सोडत हसतो. हा माणूस प्रत्येक वेळी श्वास आत ओढत होता.

हा हसत नव्हता.

तिने दुसरा टेप लावला, बाहेर पडणाऱ्यांचा. *डोळ्यांत पाणी आलं. हसून? ...छान होता.* आणि त्याच्या जरा आधी: *शेवटच्या रांगेत एक आजोबा पिशवीला सीट देऊन...*

कापडी पिशवी. छातीशी धरलेली.

कात्रीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ त्यांना हात लावला नाही.

७

सकाळी काका, म्हणजे दिग्दर्शकाचे वडील, थिएटरच्या आवारात सापडले. भाऊंच्या गाडीची पुढची काच पुसत होते.

"काका, ती भाऊंची गाडी आहे. त्यांना ड्रायव्हर आहे."

"आहे ना. तो काय तिकडे फोनवर. पण काच बघ कशी ठेवलीय. बघवत नाही मला." त्यांनी फडकं झटकलं. "पोरगा आत आहे. रात्रभर झोपला नाही. त्याचं काही हरवलंय म्हणे."

"हशा हरवलाय."

"अरेरे," काका म्हणाले, जणू कुणाची छत्री हरवली होती.

"काका, काल तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात."

"दाराजवळ. गुडघा वळत नाही. जन्मभर पुढच्या सीटवर बसलो, म्हटलं सिनेमात तरी मागं बसू."

"शेजारची सीट कुणासाठी धरली होती?"

ते काच पुसत राहिले. स्वच्छ झालेली जागाच पुन्हा पुसू लागले. "पोराला म्हटलं होतं, शेजारी बस. तो म्हणाला, बघू. मग म्हटलं, येईल. काम असतं त्याला."

कात्रीने विषय बदलल्यासारखं केलं. "सिनेमातलं तुम्हाला काय आवडलं?"

"तो रिकाम्या सीटशी बोलतो ते. घाई असेल तर चालत जा, आणि पोहोचलात की मला कळवा, मी गाडी घेऊन येतो." ते ओठातल्या ओठात हसले. "चांगलं म्हटलं त्या नटानं."

सिनेमात वाक्य 'चालत जा'पाशीच संपत होतं. पुढचं अर्धं कागदावर नव्हतं, चित्रीकरणात नव्हतं, तिने कापलेल्या तुकड्यांतही नव्हतं.

"मी निघते, काका."

"हशा सापडला का गं?"

"सापडेल असं वाटतंय," ती म्हणाली.

८

दुपारी संकलनाच्या खोलीत चौघं जमले. भाऊ खुर्चीत, हिरो खुर्चीच्या हातावर, भोंगा जमिनीवर. दिग्दर्शक भिंतीला पाठ लावून, नखं खात.

"सांग," भाऊ म्हणाले. "कोण?"

कात्रीने आधी काय झालं ते सांगितलं. स्टँडवरचा हशा, त्यात बुडालेलं वाक्य, त्यामुळे मुका झालेला सिग्नल, ओठ वाचणारी मावशी. भाऊंचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे माझी मावशी..."

"ती एकटीच शहाणी निघाली. आम्हाला सगळं पाठ होतं, म्हणून आम्ही बहिरे. आणि अर्धा खून माझाच आहे." तिने यंत्रावर तो सीन लावला. "तुम्ही पाच मिनिटं कमी करायला लावलीत तेव्हा मी सिग्नलला हात लावला नाही, पण स्टँडला लावला. ड्रायव्हर बोलायच्या आधी बाहीनं आरसा पुसतो. छान लांबलचक पुसायचा. मी ते पुसणं कापलं. ते असतं तर कुणी कितीही हसलं असतं तरी हसणं विरून गेल्यावर वाक्य आलं असतं."

"ते राहू दे. सुरुवात कुणी केली?"

"कुणी हसलं नाही, भाऊ. कुणीतरी रडलं. लोकांना हशा वाटला."

"माझ्या विनोदी सिनेमात रडलं? कोण तो? आज त्याला दारातच अडवतो. नाव सांग."

कात्रीने चित्र तिथंच गोठवलं. नाव सांगितलं की तिचं नाव वाचत होतं. एका शब्दाचं काम होतं.

"सांगतेस की काढू तुझं नाव?"

"काढा," ती म्हणाली. मग भिंतीकडे न बघता, जरा मोठ्याने, "पण एक विचारू? 'साहेब, घाई असेल तर चालत जा.' हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत, दिग्दर्शक?"

"कुठून म्हणजे? लिहिलं."

"आज सकाळी मी त्याचं पुढचं अर्धं ऐकलं. 'आणि पोहोचलात की मला कळवा...'"

"'...मी गाडी घेऊन येतो,'" दिग्दर्शक नकळत बोलून गेला. आणि थांबला.

खोलीत यंत्र गुरगुरत होतं. पडद्यावर ड्रायव्हर गोठलेला, मागची सीट रिकामी.

"शाळेतून सुटलो की मी टॅक्सीत बसायचो," तो शेवटी म्हणाला, कुणाशी ते कळत नव्हतं. "मागच्या सीटवर. साहेबासारखा. गिऱ्हाईक मिळालं नाही की बाबा आरसा पुसायचे, माझ्याकडे वळवायचे आणि हे म्हणायचे. मी पोट धरून हसायचो. मला वाटायचं माझा बाप जगातला सगळ्यांत गमत्या माणूस आहे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला कधी कळलंच नाही की ते म्हटलं त्या दिवशी गिऱ्हाईक नसायचं."

"सिनेमात सीट रिकामी का ठेवलीस?" हिरोने विचारलं. त्याचा आवाज पडद्यावरच्यापेक्षा बरा होता.

"पोर असलं की लोकांना कीव येते. हशा मरतो. म्हणून काढलं."

भाऊ हलले. "मग तुझ्या वडिलांना आज घरी..."

"भाऊ," कात्री म्हणाली, "आज तुम्ही फक्त वितरकाकडे बघा. मागच्या रांगेकडे मी बघते."

९

तीन वाजता पॅसेज रिकामा होता. येरझाऱ्या घालायला कुणी नव्हतं, म्हणून कात्रीच घालत होती. आरसा पुसणं तिने पूर्ण लांबीचं परत जोडलं होतं. आजवर सिनेमात तिने हसण्यासाठी जागा सोडली होती. रडण्यासाठी पहिल्यांदाच.

दाराच्या फटीतून तिला शेवटची रांग दिसत होती. काका, आणि शेजारच्या सीटवर, गुडघे जवळ घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून, दिग्दर्शक. शाळेतून सुटल्यासारखा.

चड्डी. हशा. लाटणं. हशा. हिरोचे दोस्त जेवणाला जागले.

टॅक्सी स्टँड.

तिने दाराला कान लावला. पडद्यावर बाही आरशावरून फिरू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आत कुणी हसलं नाही. कुणी रडलंही नाही. एवढी जागा सोडली होती आणि ती रिकामीच जात होती, आणि कात्रीला वाटलं, गेलं, आता हा लांबलेला सीनच सगळं बुडवणार.

"साहेब," पडद्यावरून हळू आवाज आला, "घाई असेल तर चालत जा."

आणि शेवटच्या रांगेतून, तितक्याच हळू, सवयीने: "आणि पोहोचलात की मला कळवा, मी गाडी घेऊन येतो."

मागच्या दोन रांगा फुटल्या. त्यात एक हसणं वेगळं होतं, पोट धरून हसणाऱ्याचं, लहान पोराचं. पण आता वाक्य सगळ्यांना मिळालेलं होतं.

सिग्नल आला तेव्हा कात्रीने दारावरचा कान काढून घेतला. गरजच नव्हती. दारच हलत होतं.

बाहेर भाऊ वितरकाचा हात सोडायला तयार नव्हते. "घेतला! घेतला यांनी!" ते ओरडले. "कात्री, तुझं नाव मोठं कर, जा! आणि ते वाक्य! काका, ते मागचं अर्धं वाक्य सिनेमात घालू या. हिरोकडून म्हणवून घेऊ. काय?"

सगळे काकांकडे वळले. काकांनी मुलाच्या हातातली पिशवी घेतली, खांद्याला अडकवली आणि मान हलवली.

"ते नाही देता येणार, साहेब," ते म्हणाले. "ते सीटवर बसलेल्या माणसासाठी आहे."